आठवड्याचा पगार, महिन्याची यादी: एका यंत्रमाग कामगार कुटुंबाच्या किराण्याचं प्रकरण

पार्श्वभूमी

आमच्या गल्लीतल्या महिला बचत गटाचा हिशेब मी लिहिते. २०२४ च्या सप्टेंबरात एका सभासदाचा सलग तिसरा हप्ता चुकला, तिथून हे प्रकरण सुरू होतं. तिला इथे शोभा म्हणू. नाव बदललंय, ओळख पटेल असे एक-दोन तपशीलही बदललेत. आकडे तिच्या वहीतलेच आहेत.

गाव इचलकरंजी. घरात पाच माणसं: शोभा, नवरा, सासूबाई, नववीतली मुलगी आणि पाचवीतला मुलगा. नवरा यंत्रमागावर. मजुरी कापडाच्या मीटरवर, पगार आठवड्याला. माग दोन्ही पाळ्यांत चालायचे तेव्हा आठवड्याला साडेतीन हजार हातात यायचे. मंदीत एक पाळी बंद झाली आणि ते २,६०० वर आले. शोभा घरी परकर शिवते, नगावर पैसे, महिन्याला १,८०० च्या आसपास. म्हणजे चार आठवड्यांचे १२,२०० रुपये.

त्यातून भाडं २,८००, वीज ७००, गॅस सिलिंडर दीड महिना पुरतो म्हणून महिन्याचे ५५०, सासूबाईंची साखरेची आणि बीपीची औषधं ६५०, मुलीचा क्लास ५००, दोन मोबाइल ४००, गटाची बचत आणि जुन्या कर्जाचा हप्ता मिळून ५००, नवऱ्याचा चहा-तंबाखू ६००. उरले ५,५००. पाच माणसांचं महिन्याचं खाणं आणि साबण-सोडा एवढ्यात बसवायचं होतं.

अडचण

गल्लीतल्या किराणा दुकानात ९,४०० रुपयांची उधारी झाली होती. लाडकी बहीण योजनेचे पहिले दोन हप्ते ऑगस्टात एकदम ३,००० आले, ते त्याच वहीत गेले आणि तरी आकडा हलला नाही.

मी शोभाला एकच काम सांगितलं: चार आठवडे, पितृपक्ष लागल्यापासून दसरा होईपर्यंत, खाण्यावर जाणारा प्रत्येक रुपया लिहायचा. मुलीच्या जुन्या वहीची मागची पानं घेतली. पहिल्या आठवड्यात वही फारच स्वच्छ दिसली म्हणून खोदून विचारलं. "पाच रुपयाच्या पुड्याचं काय लिवायचं ताई?" असं उत्तर आलं. पुढच्या आठवड्यापासून तेही लिहायला लावलं.

चार आठवड्यांची बेरीज ७,२४० रुपये. हिशेबापेक्षा १,७४० जास्त. भाजीपाला १,४५०, बिस्किटं-टोस्ट-वेफरचे पुडे ८७०, दूध (रोज अर्धा लिटर) ७८४, तेल ७५०, दहा रुपयांच्या चहाच्या पुड्या ३१०. बिस्किटांचा आकडा बघून शोभा गप्प झाली. डाळी-कडधान्यांचा सगळा खर्च ५२० होता, बिस्किटांपेक्षा कमी.

मला दुसरीच गोष्ट खटकली. तेल पाव-पाव किलोनं, साखर अर्धा किलोनं, तूरडाळ पावशेरानं आणली जात होती, आणि तीही उधारीवर. उधारीवर व्याज कुणी लावत नाही, पण भाव दुकानदार सांगेल तो. शोभाच्या वहीतली वाणसामानाची यादी घेऊन मी मुख्य बाजारातल्या भुसार दुकानात गेले. गल्लीत २,३१० ला पडलेला माल तिथे रोखीनं २,०५५ ला मिळत होता. २५५ रुपयांचा फरक, म्हणजे शंभराला अकरा. त्यात सप्टेंबरच्या मध्यात केंद्रानं कच्च्या खाद्यतेलावरचं मूळ आयात शुल्क शून्यावरून २० टक्क्यांवर नेलं होतं आणि सण तोंडावर असताना तेल चढलं होतं.

समोरचे पर्याय

घरात बसून बोललो तेव्हा चार गोष्टी पुढे आल्या.

नवऱ्याचं म्हणणं, दूध आणि अंडी बंद करायची. दिसायला सोपं, महिन्याला हजार रुपये लगेच वाचतात. सासूबाई माळकरी, अंड्याला शिवत नाहीत, पण दुधाचं नाव काढताच त्या म्हणाल्या, "आणि चा काळा प्यायाचा व्हय?" मी वेगळ्या कारणानं विरोध केला. राष्ट्रीय पोषण संस्थेच्या २०२४ च्या मार्गदर्शिकेत दोन हजार उष्मांकांच्या आहारात डाळी, कडधान्यं, अंडी, मांस मिळून दिवसाला ८५ ग्रॅम धरलेत. या घरात महिन्याला चार किलो डाळी-कडधान्यं येत होती. पाच माणसांत वाटली तर दिवसाला माणशी २८ ग्रॅम. जे आधीच इतकं तोकडं आहे त्यालाच कात्री लावण्यात अर्थ नव्हता. उलट तेल माणशी ३६ ग्रॅम जात होतं, तिथे त्याच मार्गदर्शिकेत २७ ग्रॅम आहे.

दुसरा पर्याय, मुलीचा क्लास बंद. तो शोभानंच उडवून लावला आणि त्यावर पुढे चर्चा झाली नाही.

तिसरा, गटाकडून दहा हजारांचं कर्ज घेऊन उधारी एका फटक्यात मिटवायची आणि पुढे सगळं रोखीनं. गटाचं व्याज शेकडा दोन रुपये महिना, म्हणजे सुरुवातीला महिना दोनशे. रोखीच्या खरेदीत २५५ वाचणार. कागदावर जमत होतं. पण तीन हप्ते थकलेल्या सभासदाला दहा हजार द्यायला बायका तयार नव्हत्या, आणि त्यांचं चुकलं असं मी म्हणणार नाही. शोभाचीही एक शंका होती, जी माझ्या डोक्यातच आली नव्हती: उधारी पूर्ण फेडून बाजारातून माल आणायला लागलो, आणि मागावर बीम (ताण्याच्या सुताचा रूळ) नाही म्हणून एखादा आठवडा पगारच झाला नाही, तर दुकानदार परत दारात उभं करील का? तिच्या लेखी ती वही म्हणजे अडीअडचणीचा विमा होता.

चौथा, रेशन. कार्डावर तीन नावं होती: नवरा, सासूबाई आणि दोन वर्षांपूर्वी वारलेले सासरे. माणशी पाच किलोप्रमाणे पंधरा किलो धान्य मिळत होतं. २०२३ पासून ते मोफत आहे. मुलांची नावं कधी घातलीच नव्हती. घालायला गेलं की मेलेल्या माणसाचं नाव उघडं पडेल, दोन वर्षांच्या धान्याची वसुली निघेल, ही धास्ती. शोभाचं स्वतःचं नाव अजून माहेरी, निपाणीकडच्या गावात, आईच्या कार्डावर. कर्नाटकात तेव्हा अन्नभाग्य योजनेत तांदळासोबत माणशी १७० रुपये खात्यावर येत होते. आई एकटी राहते. शोभाचं नाव कमी केलं की तिकडचा एक वाटा गेला.

काय केलं, आणि पहिला डाव कसा फसला

गटानं दहाऐवजी चार हजार दिले. दोन हजार दुकानात भरले. दोन हजारांत महिन्याचा किराणा बाजारातून रोखीनं आणायचा असं ठरलं. यादी मी केली. मला वाटलं, नेटकी झालीय.

ती तिसऱ्या आठवड्यात कोलमडली. दिवाळीनंतर माग पाच दिवस बंद राहिले, पगार १,४०० झाला. डब्यांत तूरडाळ होती, साखर होती, तेल होतं. भाजीला, दुधाला आणि गिरणीत दळणाला पैसे नव्हते. शोभा परत दुकानाच्या पायरीवर गेली आणि सातशेची नवी उधारी झाली. दुकानदारानं टोमणाही मारला, मार्केटात जाताय न्हवं, मग तिकडंच मागा की. पंधरा दिवस त्यानं वहीत काही लिहायला नकार दिला.

चूक माझी होती. माझ्या घरात पगार एक तारखेला येतो, म्हणून मला यादी महिन्याची सुचली. या घरात पैसा सात दिवसांनी येतो आणि कधी येतही नाही. पगार आठवड्याचा आणि खरेदी महिन्याची, असं करून मी सगळी रोकड डब्यांत कोंडली होती. दुसरीही चूक त्याच यादीत होती: आठवड्याची भाजी एकदम आणा, स्वस्त पडते. घरात फ्रिज नाही. मेथी आणि पोकळा तिसऱ्या दिवशी पिवळा पडला.

मग शोभानं स्वतः बसून दुसरी मांडणी केली, मी फक्त बेरजा तपासल्या. पगाराच्या दिवशी १,३५० रुपये वेगळ्या डब्यात. त्यातले पाचशे कुठल्या तरी एकाच मोठ्या खरेदीला: पहिल्या आठवड्यात तेल, दुसऱ्यात जोंधळं, तिसऱ्यात डाळी-कडधान्यं-शेंगदाणे, चौथ्यात साखर-चहा-साबण. म्हणजे एकेक जिन्नस महिन्याचा येतो, पण पैसा आठवड्याच्या पगारातून जातो. उरलेल्यांतले दोनशे दुधाला, साडेतीनशे भाजीला, शंभर अंड्यांना आणि दोनशे मोकळे. पगार कमी झाला तर मोठी खरेदी एक आठवडा पुढे ढकलायची; भाजी आणि अंड्यांच्या पैशांना हात लावायचा नाही.

भाजी आठवड्यातून दोनदा, बाजार उठायच्या वेळेला, वाट्यावर. पहिले दोन दिवस पालेभाजी, मग वांगी, दोडका, शेवटी बटाटा-कोबी. भाजी संपली तर कडधान्य. मटकी घरात होतीच. हुलगा, म्हणजे कुळीथ, सासूबाईंनी सुचवला. तुरीच्या जवळपास निम्म्या भावात, ९० रुपये किलोनं मिळाला. माडगं मुलांनी नाकारलं, पण मोड आणून चटणी घालून केलेलं कोरड्यास खाल्लं. सोयाबीनच्या वड्या मात्र मुलगा मागून घेतो. मसाला मटणासारखा घालते, एवढंच तिचं गुपित.

बिस्किटांच्या बाबतीत आधी आम्ही उगाच मुलांना दोष दिला. पुडे संध्याकाळी पाचला यायचे. मुलं शाळेतून भुकेली येतात, शोभा मशीनवर असते, हातात पाच रुपये ठेवणं सोपं पडतं. मुलगा शाळेतलं दुपारचं जेवण अर्धवट टाकत होता, म्हणून त्याला जास्त भूक. मुलगी नववीत, तिला ते जेवण मिळतच नाही, योजना आठवीपर्यंतची. उपाय साधा निघाला. दर रविवारी पत्र्याचा डबा भरून भडंग: चिरमुरे, शेंगदाणे, लसूण, घरचं तिखट. आमच्या भागात याला नको म्हणणारं पोर मी अजून पाहिलेलं नाही. महिन्याला १८० रुपये लागतात. बिस्किटं पूर्ण बंद झाली नाहीत, २९० वर आली, कारण सासूबाईंचा सकाळचा टोस्ट आम्ही सोडवला नाही आणि सोडवायचाही नव्हता.

तेलाच्या पिशवीनं एकदा फसवलं. शोभा १२ रुपयांनी स्वस्त पिशवी घेऊन आली. दिसायला लिटरचीच, छापील वजन ८०० ग्रॅम. एक लिटर तेल साधारण ९१० ग्रॅम भरतं. लिटरची पिशवी १३८ ला, म्हणजे किलोला १५२ पडले; ही १२६ ची, किलोला एकशे साडेसत्तावन्न. तेव्हापासून मुलगी मोबाइलवर भागाकार करूनच पिशवी उचलू देते.

रेशनचं काम नोव्हेंबरअखेर धरलं. ई-केवायसीसाठी सगळ्यांनाच अंगठे द्यायला बोलावत होते, त्यामुळे लपून राहण्यासारखं काही उरलंच नव्हतं. सासऱ्यांचा मृत्यूचा दाखला आणि मुलांची आधार कार्डं घेऊन नवरा आणि मी गेलो. कुणी वसुलीचं नाव काढलं नाही. सासऱ्यांचं नाव कमी झालं, मुलांची दोन वाढली. धान्य वाढायला मात्र जानेवारी उजाडला, कारण नाव कार्डावर चढणं वेगळं आणि इष्टांकात, म्हणजे सरकारनं ठरवून दिलेल्या लाभार्थ्यांच्या मर्यादेत, बसून धान्य सुटणं वेगळं. पंधराचे वीस किलो झाले. शोभाच्या नावाचा विषय तेव्हा कुणीच काढला नाही.

दुकानदाराशी गाठ शोभानंच सोडवली. डिसेंबरात पाचशेची नोट पुढे ठेवून विचारलं, शेठ, रोख दिलं तर साखर-चहा काय भावानं घालाल? तो म्हणाला, "वहिनी, रोखीत मार्केटचाच भाव लावतो की. कधी इचारलंच न्हाई तुम्ही." तेव्हापासून चौथ्या आठवड्याची खरेदी गल्लीतच होते आणि वहीचं पानही उघडं राहिलं.

वहीत न दिसलेली गोष्ट

डिसेंबरच्या मध्यावर आकडे छान दिसत होते. त्याच आठवड्यात शोभाला मशीनवर बसल्या बसल्या चक्कर आली. सरकारी दवाखान्यात रक्त तपासलं, हिमोग्लोबिन ८.४. बाईमाणसाला बाराच्या वर हवं.

मी आठवड्याची चौदा अंडी मोजत होते. सासूबाई खात नाहीत, म्हणजे चौघांत माणशी साडेतीन, असा माझा हिशेब. मुलीला सहज विचारलं तर कळलं, आई खातच नाही. दोन्ही पोरं आणि बाबा. आमटी मोजून टाकली जायची, सगळ्यांना वाढून झाल्यावर शोभा दोन भाकऱ्या ठेच्याशी खायची. ठरलेल्या रकमेत घर बसलं होतं, कारण एक ताट त्यातून गुपचूप बाहेर गेलं होतं. तिनं हे कुणापासून लपवलं नव्हतं. कुणी विचारलं नव्हतं. मीही नाही, आणि मी तर दर रविवारी वही घेऊन तिच्याच स्वयंपाकघरात बसत होते.

इथे निर्णय सासूबाईंनी घेतला. सगळ्यांनी एकदम बसायचं, आणि शोभाचं ताट त्या स्वतः वाढणार. सोळा वर्षांत पहिल्यांदा, असं शोभा नंतर हसत म्हणाली. आमटीत डाळ एक मूठ वाढली. दवाखान्यातून लोहाच्या गोळ्या सुरू झाल्या, आणि गोळीवर लगेच चहा प्यायचा नाही हे नवऱ्यानं लक्षात ठेवलं. एवढ्यानं महिन्याचा खर्च दोनशेच्या आसपास वाढला. तो वाढू दिला.

फेब्रुवारीअखेर

फेब्रुवारी २०२५ च्या चार आठवड्यांत खाण्याचा खर्च ५,८८० झाला. ठरवलेल्या ५,५०० मध्ये तो बसला नाही, वरचे ३८० लाडकी बहीणच्या पैशांतून गेले. तेल पाच किलोवरून चारवर आलं. चहाच्या पुड्यांऐवजी अर्धा किलो सुटी पत्ती, १९० रुपये. विकतचा तांदूळ थांबला. अंडी मात्र २१० वरून ३९२ वर गेली. दूध तेवढंच.

उधारी ९,४०० वरून २,६०० वर आली. यातलं श्रेय वाटून घ्यायचं तर सगळ्यात मोठा वाटा दिवाळीच्या बोनसचा आहे: ३,५०० त्यातूनच भरले. गटाच्या कर्जातले दोन हजार, आणि डिसेंबर-जानेवारीत लाडकी बहीणमधले एकेक हजार. मधली सातशेची नवी उधारीही याच हिशेबात आहे. बोनस नसता तर वही अजून सहा हजारांवर असती. मांडणी चांगली होती म्हणून कर्ज फिटलं असं मी कुणाला सांगणार नाही. मांडणीमुळे ते पुन्हा वाढलं नाही, इतकंच. गटाचे थकलेले तीन हप्ते ऑक्टोबरमध्येच भरले गेले, कारण त्या महिन्यात लाडकी बहीणचे दोन हप्ते आगाऊ आले होते. पुढचा थेट डिसेंबरच्या शेवटी आला. त्या पैशावर महिन्याचं गणित बांधू नये, हे तेव्हा समजलं.

फेब्रुवारीत हिमोग्लोबिन ९.९ होतं.

पुन्हा करायचं झालं तर

पगार कोणत्या दिवशी आणि किती वेळा येतो हे आधी विचारीन, यादी नंतर. दुकानदाराशी रोखीचा भाव पहिल्याच आठवड्यात बोलायला लावीन. दीड महिना आणि एक अपमान वाचला असता. रेशनसाठी नोव्हेंबरपर्यंत थांबायचं काहीच कारण नव्हतं, धास्ती आम्हीच वाढवून ठेवली होती.

वहीत एक रकाना वाढवला असता. काय आणलं, कितीला आणलं, याच्या शेजारी कुणी खाल्लं. गटातल्या दुसऱ्या एका घरासाठी आता तशी वही केलीय आणि त्या घरची बाई तो रकाना भरायला लाजते, हेही सांगायला हवं.

नवऱ्याच्या तंबाखूच्या सहाशेला आम्ही हात घातला नाही. मी एकदा विषय काढला, शोभानं डोळ्यांनी थांबवलं. बरोबर केलं की चूक, अजून ठरवता आलेलं नाही.

संक्रांतीला शोभा माहेरी गेली तेव्हा कार्डाचा विषय तिच्या आईनंच काढला. नाव काढून घे, मला एकटीला किती लागतंय, म्हणाली. शोभा नाव कमी केल्याच्या दाखल्यासाठी लागणारी कागदपत्रं विचारून घेऊन आली. ती तिनं शिलाई मशीनच्या खणात ठेवली आहेत. अर्ज अजून दिलेला नाही.